चौथा वाटा

"सोबत जेन्ट्स कोन हाय?"

बोटवाल्याने फोनवर हे विचारलं आणि मी डोळे मिटून घेतले. प्रश्न मला नवा नव्हता. गोडदेवला भाड्याची जागा बघत हिंडत होते तेव्हा एजंटने विचारला होता. नंतर नवघरला स्वतःच्या कमाईतून फ्लॅट घेतला, तेव्हा बिल्डरच्या ऑफिसातल्या मुलीने विचारला. सोसायटीच्या पहिल्या मीटिंगला जाऊन बसले, तर सेक्रेटरींनी तोंडाने काही विचारलं नाही, पण माझ्या खांद्यावरून दाराकडे बघत राहिले, मागून कोणी येतंय का म्हणून. मी लग्न केलं नाही. का केलं नाही, हे समजावून सांगायचं माझं वय गेलं आणि विचारणाऱ्यांचेही केस पिकले. हा एक प्रश्न तेवढा तरणाताठा राहिला.

"जेन्ट्स नाहीत," मी म्हटलं. "मी आहे आणि माझी आई आहे."

"दोन बायाच? न्हाय गो ताय, तसा न्हाय घेत आमी. फॅमिली असली तं या."

"आम्ही फॅमिलीच आहोत."

पलीकडून इंजिनची फटफट ऐकू आली, कोणीतरी कोणाला तरी हाक मारली, आणि फोन बंद झाला.

ही बोट मला कशाला हवी होती, ते सांगते. आईला पंच्याहत्तर वर्षं पूर्ण होणार होती. माझा भाऊ ठाण्याला असतो. माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान, पण वडील गेल्यापासून घरातला कर्ता पुरुष तोच, म्हणजे तसं सगळ्यांनी ठरवलंय. मागून आला आणि तिखट झाला. त्याने वाढदिवसाचा सगळा बेत आखून टाकला होता. हॉल, केटरर, पंच्याहत्तर दिव्यांनी ओवाळणं, चांदीची वाटी आणि स्टेजवर आईला मखमली खुर्ची. वाईट काहीच नव्हतं त्यात. त्याचा जीव आहे आईवर. फक्त आईला काय हवंय हे विचारायचं राहून गेलं होतं, म्हणून एका रविवारी तो आला असताना मी विचारलं.

आई हातातली लसूण सोलत म्हणाली, "मला होडीत बसून गरवायला जायचंय."

भावाच्या बायकोला कळलंच नाही. गरवणं म्हणजे गरी टाकून मासे पकडणं, हे मी तिला सांगितलं. गरी म्हणजे गळ. आईचं माहेर रायगडातलं, खाडीकाठचं. माझे आजोबा शाळामास्तर, आणि शाळेला सुट्टी असली की खाडीच्या खडकांवर गरी टाकून बसायचे. आई त्यांच्याबरोबर जायची, सुरुवातीला नुसती कोळंबीच्या तुकड्यांचा डबा सांभाळायला आणि मग स्वतःची वेगळी गरी घेऊन. एकदा कोणाच्या तरी होडीतून दोघं खाडीच्या तोंडापर्यंत गेली होती, आणि ती गोष्ट आम्ही लहानपणी इतक्या वेळा ऐकली की ती आमचीच वाटायला लागली. मग आई मोठी झाली, म्हणजे त्या काळी मुली ज्या अर्थाने मोठ्या होत त्या अर्थाने, आणि आजीने तिची गरी वळचणीला खोचून ठेवली व हातात विळी दिली. त्यानंतर आईने जन्मभर मासे कापले, एकही धरला नाही.

"पण आई, मासे तर तू सोडलेस," भाऊ म्हणाला.

हेही खरं होतं. वडील गेले त्या वर्षी भाऊ तिला गयेला घेऊन गेला. मी गेले नाही, पिंड मुलाने द्यायचा असतो. तिथे भटजींनी सांगितलं, एक आवडती वस्तू सोडा. भावाने पडवळ सोडलं. त्याने जन्मात कधी पडवळाला हात लावलेला नाही, ताटात आलं तर शेजारच्याच्या ताटात सारायचा. आईने मासे सोडले. का गं, असं मी घरी आल्यावर चिडून विचारलं, तर म्हणाली, "सोडायचं तर जे आवडतं तेच सोडायचं ना? देवाला फसवायचं का?" तेव्हापासून ती माझ्यासाठी कालवण करते आणि स्वतः चव घेत नाही. उकळी आली की झाकण काढते, वास घेते आणि त्यावरून मीठ घालते. चुकत नाही.

"मी कुठे खायला जातेय?" आई भावाला म्हणाली. "गरवायला जातेय."

तो हसला, विषय बदलला, आणि जाताना जिन्यात मला म्हणाला, "ताई, तिच्या डोक्यात काहीतरी भरवू नकोस." म्हणजे तिच्या डोक्यात स्वतःचं म्हणून काही असू शकतं, हे त्याच्या गावीच नव्हतं. मी त्याच दिवशी ठरवलं की बोट मिळवायचीच.

केबिन रोडला मी ज्या कोळीणमावशींकडून मासे घेते, त्यांच्याकडे चौकशी केली. त्या उत्तनच्या. त्यांचा भाचा सुट्टीच्या दिवशी लोकांना बोटीतून फिरवतो, गळ देतो, मासे पकडू देतो, हे त्यांनीच मागे कधीतरी अभिमानाने सांगितलं होतं. मी आईचं सगळं सांगितलं, अगदी मासे सोडल्याचंसुद्धा. त्यांनी हातातलं पापलेट खाली ठेवून, ओल्या हातानेच मला नंबर शोधून दिला. "एकदम फॅमिली हाय तेचा काम," म्हणाल्या. "लायफ जाकिट देतो, पोरांना पन घेतो. तू बिनधास बोल." मी बिनधास बोलले, आणि वर सांगितलं ते उत्तर मिळालं.

माझी चूक अशी की हे मी भावाला सांगितलं. तो रागावेल असं वाटलं होतं, पण झालं उलटंच. त्याला एकदम उत्साह आला.

"एवढंच ना? माझ्या नावावर कर बुकिंग. मी, ही, मुलं आणि तुम्ही दोघी. तुम्हाला आमच्यात धरू."

आमच्यात धरू. हे शब्द मी किती वर्षं ऐकतेय. नातेवाइकांकडचं लग्न असलं की पत्रिका ठाण्याला जाते आणि मला फोन येतो, "तुम्हाला त्यांच्यात धरलंय हं." दिवाळीचा फराळ कोणी पाठवला तर एकच डबा, त्याच्या घरी, "त्यातच तुमचंही धरलंय." डबा आमच्यापर्यंत येईस्तोवर त्यात चकलीचा चुरा उरतो. मी आणि आई गेली कितीतरी वर्षं एका छपराखाली राहतो, एका कुकरमध्ये भात लावतो, एकमेकींच्या गोळ्यांच्या वेळा पाठ आहेत, भांडतो, रुसतो, पुन्हा चहाला बसतो. पण हे घर कुणाच्या मोजणीत येत नाही. ते कायम कुणाच्या तरी घरात धरलेलं असतं.

तरी मी गिळलं असतं. आईसाठी मी बरंच गिळते. पण पुढे तो म्हणाला, "फक्त आई मधे बसेल. जॅकेट घालून, बाकाला धरून. गळबिळ नको. हुक लागला हाताला तर? शुगर आहे तिला."

"मग तिने तिथे काय करायचं?"

"समुद्र बघेल की."

"समुद्र ती बसने जाऊनही बघते, अरे. तिला गरवायचंय."

"ताई, तुला ना प्रत्येक गोष्टीत भांडणच करायचं असतं. मुद्दा काय आहे? बोट. बोट मिळतेय."

"मुद्दा बोट नाहीच," मी म्हटलं. "तू येऊ नकोस. मी तुझ्या नावावर काहीही करणार नाही."

फोन ठेवला. वळून बघते तर आई स्वयंपाकघराच्या दारात उभी. तिने सगळं ऐकलं होतं.

"जाऊ दे गं," ती म्हणाली. "हॉलच करू दे त्याला. दिवे छान दिसतात."

मला कोणी थोबाडीत मारली असती तर एवढा राग आला नसता. आईचं हे जाऊ दे माझ्या चांगल्या ओळखीचं आहे. तिला शिवणाचा क्लास लावायचा होता तेव्हा जाऊ दे. माहेरच्या घराची वाटणी झाली, तिला विचारलंही नाही, तेव्हा जाऊ दे. वडिलांना कधी ती उलटून बोलली नाही, भावाला तर नाहीच. मी वेगळी निघाले, सुंभ जळला तरी पीळ न जाणारी, असं नातेवाईक म्हणतात, आणि मला त्यात कौतुकच वाटतं. पण त्या दिवशी एक भीतीही वाटली. भावाला नाही म्हणून मी माझा मान राखला होता आणि आईची होडी घालवली होती. माझ्या पिळापायी तिची गरी पुन्हा वळचणीला जाणार असेल, तर आजीत आणि माझ्यात फरक काय राहिला?

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात रजा टाकली आणि स्टेशनच्या पलीकडून उत्तनची बस पकडली.

उत्तनला बोंबील वाळत होते. नोव्हेंबरची उन्हं, बांबूंच्या वलांडीवर ओळीने लटकलेले बोंबील आणि खाली निवांत मांजरं. विचारत विचारत बोटवाल्यापर्यंत गेले. पस्तिशीचा असेल, हातभर ग्रीस लागलेलं, इंजिनमध्ये डोकं घातलेलं. मी माझी ओळख सांगितली तसा तो कपाळाला हात लावून हसला.

"मावशीचा पन फोन आलेला. तुमी कोनाचा ऐकनाऱ्या न्हाय."

"नाहीच. का घेत नाही ते तोंडावर सांगा."

तो बाहेर आला, हात पुसले, आणि त्याने खरंच सांगितलं. आधी तो कोणालाही न्यायचा. "मंग पोरा येतान, दारू पितान, पान्यान उड्या मारतान. गावान बोंब झाली. तवा ठरला, फॅमिली असली तरच." आणि बायका-बायका असल्या तर त्याला भीती वाटायची. "उद्या काय झाला तं मी कोनाला तोंड दाखवू? घरचा मोठा मानूस तं पायजेल ना संगती."

"मीच आहे घरचा मोठा माणूस," मी म्हटलं. "पन्नाशी उलटली माझी. अजून किती मोठा हवाय तुम्हाला? काही झालं तर मला तोंड दाखवा. मी तिथेच असेन, बोटीत."

तो पुन्हा हसला, पण मान हलवत. वाईट माणूस नव्हता. वाईट असता तर सोपं गेलं असतं. त्याच्या डोक्यात घराचं एक चित्र होतं, नवरा, बायको, पोरं, फार तर एखादी म्हातारी, आणि त्या चित्रात आम्हा दोघींना कुठे बसवावं हे त्याला सुचत नव्हतं. शेवटी त्याला सुचलं.

"असा करू. रविवारी दोन फॅमिल्या हायत. एक वसईची, एक मीरा रोडची. तुमाला मीरा रोडवाल्यांच्यान धरतो. चालल?"

म्हणजे ठाण्याच्या घरातून निघाले ती थेट मीरा रोडच्या घरात येऊन पोचले. माझ्या तोंडावर आलं होतं की नाही चालणार. मग समोर पाण्यावर डुलणारी ती बोट दिसली, निळा-पांढरा रंग, कडेला टायर बांधलेले, आणि मला विळी आठवली.

"धरा," मी म्हटलं. "पण गरी माझ्या आईच्या हातात द्यायची. नुसतं बसवून आणायचं नाही."

"देतो की. आजीला दोन देतो."

घरी येऊन आईला एवढंच सांगितलं की बोट मिळाली. कोणात धरलंय ते सांगितलं नाही. सांगायची लाज वाटली, खरं तर.

रविवारी सकाळी भरती होती तशी निघायची वेळ ठरली. आईने सहावारी साडी घट्ट खोचली होती आणि पायात माझे कॅनव्हासचे बूट. वर नारिंगी जॅकेट चढवल्यावर ती गॅस सिलिंडरसारखी दिसायला लागली, हे मी तिला सांगितलं, आणि ती इतकी हसली की जॅकेटचं बक्कल उघडलं. फळीवरून बोटीत चढताना बोटवाल्याने हात पुढे केला. तिने तो धरला, पण पाय स्वतःच टाकला, आधी उजवा. मग खाली वाकून बोटीच्या काठाला हात लावला आणि तो कपाळाला लावला.

वसईचं कुटुंब चौघांचं होतं, नवरा-बायको आणि दोन मुलं. मीरा रोडचे नवरा-बायको, त्यांची मुलगी आणि त्या गृहस्थांची मोठी बहीण, आपापसात हिंदी बोलणारे. चांगले लोक होते. आम्हाला बसायला जागा करून दिली, खाकरे पुढे केले. किनारा मागे पडला, बोट मोकळ्या पाण्यात आली, आणि बोटवाल्याने दोऱ्या वाटायला घेतल्या. तंगूसची दोरी, खाली शिसं, टोकाला गरी. वसईवाल्याला दिली, मीरा रोडवाल्याला दिली, मुलांना दिल्या. आईच्या समोरून पुढे गेला.

"आजी, तुमी बसा आरामशीर."

आईने तळहात वर करून हात पुढे धरला फक्त, आणि तो तसाच धरून ठेवला. बोटवाला थांबला, माझ्याकडे बघून जीभ चावली आणि दोरी दिली. आईने आधी गाठ ओढून बघितली, पसंत पडली नाही, दातात धरून पुन्हा आवळली. कोळंबीचा तुकडा डोळ्यांसमोर न धरता, नुसत्या बोटांनी गरीला लावला. इतकी वर्षं ती बोटं हे विसरली नव्हती. मग दोरी सोडली, शिसं तळाला टेकल्याचं कळल्यावर थोडी वर घेतली आणि तर्जनीवर ठेवून बसली.

आता मी काय पराक्रम केला तेही सांगते. फोनवर भांडणारी, उत्तनला जाऊन हुज्जत घालणारी मी बोट थांबून डुलायला लागल्यावर काठावरून वाकून ओकत होते. पुन्हा पुन्हा. मीरा रोडच्या बहिणीने माझी पाठ चोळली, लिंबू दिलं. आईने एकदा वळून बघितलं आणि "आडवी हो" एवढं म्हणून पुन्हा दोरीकडे तोंड केलं. माझ्या उभ्या आयुष्यात मी आजारी असताना आईने पाठ फिरवल्याची ती पहिली वेळ. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू.

तिला एक ढोमा लागला. वीतभर असेल. ढोमा पाण्याबाहेर काढला की गुरगुरतो. तो गुरगुरला, आणि आई त्याला म्हणाली, "हो रे हो, मलाही राग येतो." मग बऱ्याच वेळाने एक जोराचा झटका आला, दोरी तिच्या बोटावर कापत गेली, ती अर्धी उठली, आणि दोरी एकदम सैल पडली. गेला. तिचं बोट लाल झालं होतं. भाऊ असता तर बोट तिथूनच परत फिरवली असती. तिने ते बोट तोंडात घातलं, चोखलं आणि नवीन कोळंबी लावली. त्या दिवसाचा मोठा मासा तिला नाही, वसईवाल्याला मिळाला. चांगला हातभर जिताडा. मुलांनी आरडाओरडा करून बोट डोक्यावर घेतली. मला काहीच मिळालं नाही, उलट माझ्याकडचंच समुद्राला गेलं.

परतीला किनारा जवळ आल्यावर बोटवाल्याने इंजिन मंद केलं, फळ्यांवर पाणी मारलं आणि सगळी मासळी मध्ये ओतली. आता वाटे घालायचे. कोळ्यांच्या बोटीत हा जुना रिवाज आहे. गरी कोणाची, मासा कोणाला लागला, हे बघत नाहीत. सगळं एकत्र करतात आणि वाटे पाडतात, त्यात एक वाटा बोटीचाही असतो. या सहलींसाठी त्याने तो नियम सोपा केला होता. एक वाटा बोटीचा आणि मग प्रत्येक घराला एक. जिताड्याचे तुकडे केले, ढोमे, शिंगाळे, एक वाम, सगळं हाताने तोलून त्याने ढीग केले.

तीन ढीग झाले.

आईने ते बघितले. मी तिच्याकडे बघितलं नाही, कारण पुढे काय होणार ते मला कळलं होतं.

"आमचा कुठला?" आईने विचारलं.

"तेंच्यानच हाय, आजी," बोटवाला मीरा रोडवाल्यांच्या ढिगाकडे बोट दाखवून म्हणाला. "तुमाला तेंच्यान धरलाय ना."

आईने माझ्याकडे बघितलं. मी समुद्राकडे बघत होते.

मीरा रोडचे गृहस्थ बिचारे ओशाळले. "आंटीजी, आप ले लीजिए ना, जितना चाहिए. हम लोग इतना थोड़े ही खाएँगे."

आईचं हिंदी केबिन रोडवर भाजी घेण्यापुरतं आहे. तेवढंच तिने काढलं. "नहीं भैया. आप अच्छा है. लेकिन आप मेरे को देना नहीं. मेरा वाटा मेरे को मंगता है."

मग ती बोटवाल्याकडे वळली. आवाज चढवला नाही. ती रागावते तेव्हा तिचा आवाज खाली जातो, आणि तो मी फार थोड्या वेळा ऐकला आहे.

"बाळा, तुझ्या बोटीत आज किती घरं बसली?"

"दोन, आजी. वसईचा आन्..."

"परत मोज."

त्याने एकदा वसईवाल्यांकडे बघितलं, एकदा मीरा रोडवाल्यांकडे.

"ही बसलीय ना इथे, ओकून ओकून पांढरी पडलीय ती, हिचं नवघरला घर आहे. हिने स्वतः केलेलं. मी तिथे राहते. तिथे चूल पेटते, देवापुढे दिवा लागतो, पाहुणे येतात, भांडणं होतात. ते घर तू मोजलंस का?"

बोटवाल्याने डोकं खाजवलं आणि त्याला एक वाट दिसली. "पन आजी, तुमी तं मासे खाईत न्हाय. मावशी बोलली मना, आजीने मासे सोडलान."

"खायचं सोडलंय," आई म्हणाली. "वाटा सोडलेला नाही."

मला वाटलं होतं तो मीरा रोडवाल्यांच्या ढिगातून चार मासे उचलून बाजूला काढेल. तसं त्याने केलं नाही. तो उकिडवा बसला, दोन्ही हातांनी तिन्ही ढीग मोडून सगळी मासळी एकत्र केली, आणि पहिल्यापासून वाटे घातले. बोटीचा वाटासुद्धा लहान झाला. चार ढीग झाल्यावर त्याने हात धुतले.

"आजी, आता तुमीच बोला," तो म्हणाला. "पाठ करून उभ्या ऱ्हा."

हाही रिवाजच. कोणाला कुठला ढीग यावर तंटा नको म्हणून एकाने पाठ फिरवून उभं राहायचं. दुसरा एकेका ढिगावर बोट ठेवून विचारतो, आणि पाठ फिरवलेल्याने न बघता नाव घ्यायचं. आई समुद्राकडे तोंड करून उभी राहिली, एक हात माझ्या खांद्यावर.

"ह्यो कोनाचा?"

"वसईवाल्यांचा."

"ह्यो?"

"बोटीचा."

"आन् ह्यो?"

"माझ्या लेकीच्या घराचा," आई म्हणाली.

ती हे मोठ्याने म्हणाली, परक्या माणसांसमोर, उघड्या समुद्रावर. मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही. तशीही सकाळपासून माझी काही शोभा उरली नव्हती. चौथा ढीग मीरा रोडवाल्यांचा झाला, त्यात जिताड्याचं डोकं गेलं, आणि ती मोठी बहीण भलतीच खूश झाली.

घरी येताना पिशवी रिक्षात गळत होती. लिफ्टमध्ये तिसऱ्या मजल्यावरच्या बाई होत्या. त्यांनी पदर नाकाला लावला. "मछली?" म्हणाल्या.

"हाँ," मी म्हटलं. "हमारी."

दुपारी आईने विळी घेतली. मासे साफ करताना तिच्या त्या लाल बोटाला मीठ झोंबत होतं, तरी मला हात लावू देईना. जिताड्याचे तुकडे वेगळे ठेवले, ढोम्यांचं आंबट करायला घेतलं. उकळी आल्यावर झाकण काढलं, वास घेतला, मीठ घातलं. मग हात धुऊन, पदराला पुसून म्हणाली, "त्याला फोन लाव."

मी भावाशी त्या दिवसानंतर बोलले नव्हते. नंबर लावून फोन तिच्याकडे दिला आणि ओट्यापाशी उभी राहिले. पलीकडून आधी काळजीचे प्रश्न आले, मग बोटाचं ऐकून ओरडा, मग एकदम पडलेला आवाज. मला येऊ का दिलं नाहीत, असं काहीतरी. आईने सगळं ऐकून घेतलं.

"संध्याकाळी जेवायला या सगळे," ती म्हणाली.

तो काहीतरी म्हणाला. बहुतेक, ताई चिडलीय ना, असं.

"तिचं ती बघेल," आई म्हणाली. "तू ये. तुम्हाला आमच्यात धरलंय."